नागपूर ते बेंगळुरू: बिऱ्हाडासकट एनएच ४४ वरून

वाट सांगायला अगदी सोपी आहे. वर्धा रोडनं निघायचं, बुटीबोरी मागे टाकायची, जामला चंद्रपूरचा फाटा सोडून हिंगणघाटकडे सरळ जायचं आणि मग थेट हेब्बाळपर्यंत, म्हणजे बेंगळुरूच्या उत्तरेकडच्या वेशीपर्यंत, राष्ट्रीय महामार्ग ४४ सोडायचा नाही. अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास, जवळपास मधोमध हैदराबाद. आमच्याकडची जुनी माणसं या रस्त्याला त्याच्या जुन्या क्रमांकावरून अजून ‘सात नंबर’च म्हणतात. फिरायला म्हणून या रस्त्यानं पूर्वी गेलो होतो. या वेळी घर हलवायचं होतं, आणि तेव्हा रस्त्यापेक्षा गाडीत काय भरलंय यालाच जास्त महत्त्व असतं.

सामानाचा ट्रक तुमच्या नंतर पोचणार हे धरूनच चाला. ट्रकमध्ये दुसऱ्या कुणाचंही सामान असेल तर आणखी उशीर. त्यामुळे कारमध्ये ट्रकमधून उरलेलं सामान कोंबू नका. नव्या घरातल्या पहिल्या दोन-तीन रात्री त्यात बसवा: सतरंज्या, चादरी, कुकर, चार ताटं, बादली-मग, झाडू, एक्स्टेंशन बोर्ड. इंडक्शन शेगडी हवीच, कारण सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून व्हाउचर घ्यायचं असतं आणि नवीन कनेक्शन मिळेपर्यंत गॅस नसतो. दागिने, मूळ कागदपत्रं, औषधं आणि देव कारमध्येच. तेल-लोणचं ट्रकमध्ये देऊ नका. एक बरणी फुटली की गाद्यांचं काय होतं ते सांगायला नको. आईची तुळसही आमच्यासोबत होती. “ती ट्रकमध्ये जाणार असेल तर मीही ट्रकनंच येते,” म्हणाली, विषय संपला. कुंडी सीटच्या पायाशी घट्ट बसते, फक्त जेवायला थांबाल तेव्हा तिला बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

गाडी भरली की टायरमधली हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांत स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. मागचा भाग दबला की हेडलाइटचा झोत वर जातो, तो डॅशबोर्डवरच्या बटणानं खाली घ्या. मागची काच पूर्ण झाकू नका. टपावर सामान लादणं मला पटत नाही. अनंतपूरच्या उघड्या माळावर, जिथं पवनचक्क्या दिसतात, तिथं आडवा वारा गाडी हलवून सोडतो.

हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा हा टप्पा पटकन सरतो. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. पण आदिलाबादपर्यंत मराठीत विचारलेला पत्ता मराठीतच मिळतो. नेरडीगोंड्यावरून कुंतला धबधब्याला फाटा जातो. पावसाळा असला तरी सामानानं भरलेली गाडी तिथं लावून खाली उतरू नका, पुन्हा कधी तरी या. निर्मलच्या अलीकडे जंगल आणि वळणं आहेत, तो भाग उजेडात संपवावा. पुढे सोनला गोदावरी लागते आणि मग आर्मूर, कामारेड्डी करत मेडचल.

हैदराबादमध्ये शिरू नका. मेडचलजवळ आउटर रिंग रोड घ्या आणि शमशाबादला उतरा. मुक्काम शमशाबादच्या बाजूला केला तर सकाळी शहर पाठीमागे असतं. हॉटेल निवडताना खोलीपेक्षा पार्किंग बघा: आवारात, रखवालदार असलेलं. रात्री सगळी गाडी रिकामी करणं कुणालाच जमत नाही.

दुसरा टप्पा मला जास्त आवडतो. बीचुपल्लीला कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा. कर्नूलच्या पुढे नाश्त्याला उग्गानी मिळाली तर सोडू नका: चुरमुऱ्यांचा प्रकार, आपल्या सुशीलासारखाच, सोबत मिरचीभजी. गुत्तीचा किल्ला दिसतो. लेपाक्षीचं जुनं मंदिर महामार्गापासून फार लांब नाही, पण आम्ही गेलो नाही, कारण बेंगळुरूत अंधार पडायच्या आत पोचायचं होतं. बागेपल्लीनंतर गर्दी वाढत जाते आणि संध्याकाळी हेब्बाळला तर गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. दुपारी चारच्या आत तिथं पोचाल असं बघा.

टोलसाठी फास्टॅग वार्षिक पासचा विचार करा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी तो सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० टोलफेऱ्या मिळत होत्या. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. हैदराबादच्या रिंग रोडसाठी फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक हवी. गाडी बंद पडली तर महामार्गाच्या हेल्पलाइनला, १०३३ वर, फोन करा.

ट्रकवाल्याकडे सामानाची सही केलेली यादी द्या, वर ‘वापरलेलं घरगुती सामान’ असं स्पष्ट लिहून. अशा सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) लागत नाही, पण वाटेत कुणी अडवलं तर यादी दाखवता येते. ट्रक येण्याआधीच सोसायटीची परवानगी घ्या. बऱ्याच ठिकाणी रविवारी सामान चढवू देत नाहीत, लिफ्टच्या वेळा ठरलेल्या असतात, वर पैसेही लागतात.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. निघण्यापूर्वीच नागपूरच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्या. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती. कर्नाटकचा आजीवन कर चांगलाच चढा आहे. तो गाडीच्या किमतीवर आणि वयावर ठरतो, म्हणून मूळ बिल जपून ठेवा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवीन नोंदणी झाल्यावरच. तोवर वाटेत कुणी पोलिसानं थांबवून “गाडी इथं कधी आली?” असं विचारलं तर फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवा. कर्नाटकात शिरताना लागणाऱ्या बागेपल्लीच्या टोलची तारीख त्यावर असते, म्हणून ते आल्याबरोबर डाउनलोड करून ठेवा.