व्होगेल कट: रुंद टोक झालं, अरुंद टोक बाकी

मी क्वार्ट्झचा एक दगड व्होगेल कटमध्ये घडवतोय. संशोधक मार्सेल व्होगेल यांच्या नावाचा हा ध्यानासाठीचा आकार, एक टोक रुंद आणि दुसरं अरुंद. रुंद टोकाचं पॉलिश एकदाचं उरकलं. सेरियम ऑक्साइडवर (पॉलिशच्या पुडीवर) सहाही पैलू एका बिंदूत आले, भिंगाखाली कडा धारदार दिसतात. अरुंद टोक मात्र 3000च्या लॅपवरच (घासायच्या चकतीवर; आकडा मोठा तितकी ती बारीक) आहे. त्यातला एक पैलू बाकीच्यांच्या मानाने फारच सावकाश घासला जातोय.

या दगडात सगळा वेळ गेला तो अक्ष शोधण्यात. दगडाची लांबी आणि स्फटिकाचा सी-अक्ष (त्याच्या उभ्या लांबीची दिशा) एका रेषेत, ही या कटची पहिली अट. माझ्या दगडाचं मूळ टोक तुटलेलं, पण एका बाजूला नैसर्गिक पैलूचा पट्टा शिल्लक होता. क्वार्ट्झच्या उभ्या पैलूंवर बारीक आडव्या रेघा असतात आणि त्या सी-अक्षाला काटकोनात जातात, त्यामुळे दिशा ढोबळमानाने कळली. मग काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरमध्ये (प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन जाऊ देणाऱ्या गाळण्यांमध्ये) ओला दगड धरून त्यावर काचेची छोटी गोळी ठेवली आणि रंगीत वलयं बरोबर मध्यावर येईपर्यंत फिरवत बसलो; ती मध्यावर आली की आपण सी-अक्षाच्या रेषेत बघत असतो. ज्यांना घाई आहे त्यांनी या कटाच्या वाटेला जाऊ नये.

रुंद टोकाचा कोन 51 अंश 51 मिनिटं. गीझाच्या मोठ्या पिरॅमिडचा उतारही जवळपास तेवढाच, म्हणून हे स्फटिक कापणाऱ्यांत त्याची भारी चर्चा होते. मला जास्त गंमत वाटते ती याची, की क्वार्ट्झच्या नैसर्गिक टोकाचे पैलू सी-अक्षाला काटकोनी असलेल्या प्रतलाशी 51 अंश 47 मिनिटांचाच कोन करतात. म्हणजे दगड स्वतःच तिथपर्यंत आलेला असतो. शिवाय क्वार्ट्झचा सीमांत कोन (याहून तिरका आतून आलेला प्रकाश बाहेर पडत नाही) साधारण 40 अंश, त्यामुळे अक्षाच्या दिशेने आलेला प्रकाश या पैलूंवरून बाहेर न निसटता आतच उलटतो. ते टोक पेटल्यासारखं दिसतं ते यामुळे.

‘दाबलं की टोकातून वीज निघते’ असं या दगडाबद्दल सांगतात, ते मात्र सोडून द्या. पिएझोविद्युत (दाबाने निर्माण होणारी वीज) 1880 साली क्युरी बंधूंनी दाखवली, क्वार्ट्झमध्ये ती आहेच, पण सी-अक्षाच्या दिशेने नाही. ती आडव्या अक्षांवर मिळते. मार्सेल व्होगेल आयबीएममध्ये 27 वर्षं संशोधक होते, 1984 साली निवृत्त झाले. त्यांच्या नावाचं वजन आहे, पण स्फटिकाने आजार बरा होतो याला पुरावा नाही. कोणी औषध बंद करून दगड हातात घेणार असेल तर मी त्याला कापून देणार नाही.

माझा वापर ध्यानापुरता. रुंद टोक तळहाताकडे, अंगठा एका पैलूवर. श्वास घेताना संकल्प मनात धरायचा, क्षणभर थांबायचं आणि नाकाने झटक्यात सोडायचा. ही व्होगेल यांचीच पद्धत. मन भरकटलं की अंगठ्याखालची कड जाणवते आणि मी परत श्वासावर येतो. जपमाळेचा मणी तरी दुसरं काय करतो?

नव्याने कापणाऱ्यांना एवढंच: पाणी चालू ठेवल्याशिवाय चाक फिरवू नका, कोरडी सिलिका धूळ फुप्फुसं कायमची खराब करते. आणि दगड डॉपला (धरायच्या दांडीला) चिकटवायला तापवलेल्या मेणाऐवजी इपॉक्सी वापरा, उष्णतेच्या झटक्याने क्वार्ट्झ तडकतो.

आता त्या हट्टी पैलूसाठी जाड 1200च्या लॅपवर परत जाऊन अरुंद टोकाचे सगळे पैलू पुन्हा एका पातळीला आणतोय. लांबी थोडी कमी होईल, चालेल.