आमची वाटचाल : हायवेवरचे ऍव्हरेजवाले

आमच्या गॅरेजला पाटी आहे, चांगली मोठी आहे, पण ती कुणी वाचत नाही. कराडच्या आसपास हायवेला कुठल्याही टपरीवर विचारा की जुन्या गाडीचं ऍव्हरेज कोण बघतं, पोरं आमच्याकडं बोट दाखवतात, "ते काय ऍव्हरेजवाले". हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, आणि सुरुवातीला त्यात टिंगलच जास्त होती, ती का ते पुढं येईलच.

गॅरेज मूळचं आण्णांचं, म्हणजे वडिलांचं. टाटाच्या ४०७, १२१०, मग १६१२ आणि १६१३ गाड्या, उसाच्या सीझनला पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि क्लच, बाकी वर्षभर काय येईल ते. (१६१३ म्हणजे सोळा टनाची गाडी आणि एकशेतीस हॉर्सपॉवरच्या आसपास, टाटाचे आकडे असेच वाचायचे, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.) मी आयटीआय डिझेल मेकॅनिक केलं आणि पुण्यात एका पंप-नोझलच्या (इंजिनात डिझेल ढकलणारा पंप आणि ते फवारणारी नोझल) दुकानात चार वर्षं काढली, तिथं एक चाचा होते, टेस्ट बेंचवर पंप लावला की आवाजावरून सांगायचे की तिसरी लाईन (तिसऱ्या सिलिंडरला डिझेल नेणारी) कमी टाकतेय, मग काचेच्या नळ्यांत डिझेल मोजायचं आणि तेच निघायचं. माझं खरं शिक्षण ते. २०१० ला परत आलो तेव्हा आण्णा म्हणाले पंपाचं काम इथं कोण करून घेणार, गाडी धूर सोडते म्हणजे ओढते असं मानणारी माणसं आहेत. खरंच होतं ते. काळा धूर म्हणजे पॉवर, हा समज अजून गेलेला नाही. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे तुमचे पैसे सायलेन्सरमधून जातायत, एवढं समजावण्यात माझी पहिली तीन वर्षं गेली.

मग डिझेलनंच आमचं काम केलं. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास पैशाच्या आसपास भाव वाढायला लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलचा भाव बाजारावर सोडूनच दिला. गंमत म्हणजे सोडला त्या दिवसांत कच्चं तेल पडत होतं म्हणून भाव उलट उतरला, पण तोवर गाडीमालकांच्या डोक्यात ऍव्हरेज शिरलं होतं ते शिरलंच.

आणि तिथंच मी माती खाल्ली. कुणीतरी एक एजंट आला, डिझेलच्या पाईपला बांधायची चुंबकं घेऊन, म्हणे डिझेलचे कण सरळ होतात आणि वीस टक्के बचत. मी डिझेल मेकॅनिक, मला कळायला पाहिजे होतं, पण मार्जिन चांगलं होतं आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन गाड्यांना फरक पडला पण. अकरा सेट विकले. नंतर एकेक जण परत यायला लागला, एकजण तर म्हणाला "आमच्या घरी फ्रीजला लावलंय, लाईटबिल कमी येतंय का बघतो" आणि तेव्हापासून ऍव्हरेजवाले आले ऍव्हरेजवाले आले म्हणून हाका. पैसे सगळ्यांचे परत दिले, दोन हप्त्यांत दिले पण दिले.

पण पहिल्या दोन गाड्यांना फरक का पडला होता, हे माझ्या डोक्यातून जाईना. शांत बसून आठवलं तेव्हा कळलं की चुंबक बसवताना मी सवयीनं एअर क्लीनर साफ केला होता, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले होते, आणि मालकानं ड्रायव्हरला सांगितलं होतं की आता मोजणार आहे. बास. फरक त्याचा होता, चुंबक नुसतं पाईपला चिकटून बसलं होतं.

तिथून वही सुरू झाली. साधी लांबडी हिशेबाची वही. नियम असा केला की गाडीला हात लावायच्या आधी तीन खेपा मोजायच्या, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, तोच पेट्रोलपंप, गाडी त्याच सपाट जागेला उभी, गळ्यापर्यंत भरायची आणि फेस बसला की परत टॉप करायची, आणि प्रत्येक खेपेची काटापावती (गाडीच्या वजनाची) सोबत. माल भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एका ओळीत लिहायची नाही. काम झालं की परत तीन खेपा तशाच. मजुरी अर्धी आधी, अर्धी दुसऱ्या तीन खेपांनंतर. माझा भाऊ म्हणाला अशानं आपण उपाशी मरू, आणि पहिल्या वर्षी जवळपास मेलोच, कारण सहा खेपा मोजायला लोकांना दम निघत नव्हता.

आता काम काय करतो ते सांगतो, गुपित वगैरे काही नाही. सगळ्यात आधी गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हातानं फिरवतो. विश्वास बसणार नाही पण चारातल्या एका गाडीला तरी कुठलं ना कुठलं चाक धरतं, ब्रेक पूर्ण सुटत नाही किंवा हबचं बेअरिंग टाईट मारलेलं असतं, आणि मालक इंजिनला शिव्या देत असतो. दहा किलोमीटर चालवून आणून ब्रेकच्या ड्रमवर टेंपरेचर गन मारली की कुठलं चाक डिझेल पितंय ते लगेच दिसतं. मग टायरची हवा, मग फ्रंट व्हीलचं अलाइनमेंट. नायलॉन टायर काढून रेडियल टाकले तर गाडी मोकळी पळते हे आता सगळ्यांना माहितीय, पण रेडियलला हवा कमी असली तरी बघून कळत नाही, त्याची बाजू तशीही थोडी फुगलेलीच दिसते, म्हणून लाथ मारून हवा चेक करणारे ड्रायव्हर रेडियलवर फसतात. गेज पाहिजे. आम्ही प्रत्येक गाडीला एक गेज देतो आणि महिन्यानं ते हरवलेलं असतं.

त्यानंतर माझं आवडीचं, नोझल आणि पंप. नोझलचं प्रेशर उतरलेलं असतं, फवारा यायच्या जागी धार पडते, ती नीट जळत नाही. पंप बेंचवर घेऊन सहाही लाईन सारख्या करायच्या आणि बसवताना टायमिंग काटेकोर. बऱ्याच पंपांचा मॅक्झिमम फ्युएलचा स्क्रू कुणीतरी सील तोडून वाढवलेला असतो, गाडी जोरात ओढावी म्हणून, तो परत जागेवर आणला की ड्रायव्हर तोंड वाकडं करतो, मालक खूष होतो. आणि पंखा. जुन्या ट्रकचा रेडिएटरचा पंखा इंजिनबरोबर कायम फिरत असतो, गरज असो नसो, थंडीत पहाटे चार वाजता पण. आरपीएम दुप्पट झाले की पंखा खातो ती ताकद आठपट होते. त्याला व्हिस्कस क्लचचा पंखा बसवला की इंजिन गरम झाल्यावरच तो नीट धरतो, नाहीतर निवांत फिरतो. ज्या गाड्या लांब पल्ल्याला जातात त्यांच्या केबिनवर डिफ्लेक्टर (वारा वरून वळवणारा), विशेषतः हौदा केबिनपेक्षा उंच असेल तर, आणि ताडपत्री फडफडणार नाही अशी आवळून. पण गावातल्या गावात चाळीसनं फिरणाऱ्या गाडीला डिफ्लेक्टर मागायला आला तर आम्ही सरळ नाही म्हणतो, वाऱ्याचा अडथळा स्पीड वाढेल तसा वाढतो, चाळीसला तो शोभेचाच.

क्राऊनचा किस्सा सांगितला पाहिजे, कारण त्यात मी दोन वेळा हात पोळून घेतलेत. बऱ्याच टाटा गाड्यांना मागं सहा-एकेचाळीसचा क्राऊन-पिनियन (मागच्या ऍक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, एकाला सहा दात, दुसऱ्याला एकेचाळीस) असतो, तो काढून सात-एकेचाळीस टाकला की तेवढ्याच स्पीडला इंजिन साधारण चौदा टक्के कमी फिरतं. हायवेला सोनं. वाशी मार्केटला जाणाऱ्या एका गाडीला टाकला, मालक तीन खेपांनी तणतणत आला की ऍव्हरेज उलटं पडलं, आधी चार होतं आता पावणेचार. माझ्या पायाखालची जमीन सरकली. नंतर रात्री वही बघताना दिसलं की कराड ते वाशी जिथं मीटरवर तीनशे पडायचे तिथं दोनशे सत्तावन्न पडलेत. रस्ता काय आखडला नव्हता. मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, मागचा रेशो बदलला की किलोमीटरला शाफ्टचे फेरे कमी, म्हणून मीटर कमी मोजत होता. खरं ऍव्हरेज निघालं चार पॉइंट सदतीस. त्या दिवसापासून रस्त्याचं अंतर वहीत आधी लिहितो, मीटरवर विसंबत नाही.

दुसरी गाडी कुंभार्ली घाटातली. चिपळूणकडून जांभ्याचे चिरे भरून वर यायची. मालकानं वाशीवाल्याचं ऐकलं आणि हट्ट धरला, मला पण वाटलं बघू. एका वळणावर पुढं बस अडली, हा चढावर थांबला, पहिल्या गिअरमध्ये उचलताना अर्धा क्लच, अर्धा क्लच, आणि प्लेट जळून वास सगळ्या घाटात. टोचन करून आणली, जुना क्राऊन परत टाकला, क्लच प्लेट माझ्या खिशातून. घाटाच्या गाडीला सात-एकेचाळीस नाही म्हणजे नाही, कुणीही सांगू द्या.

ड्रायव्हर लोकांबद्दल जपून लिहितो कारण धंदा त्यांच्यावरच आहे. पण घाट न्यूट्रलला उतरवला की डिझेल वाचतं हे डोक्यातून काढा रे बाबांनो. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की पंपाचा गव्हर्नर डिझेल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिनला आयडलिंगसाठी डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलला जास्त पितं, आणि ब्रेक तापून जीव जातो तो वेगळाच. खंबाटकी आणि बोरघाटात काय काय बघितलंय ते इथं लिहीत नाही.

डिझेल चोरीचं प्रकरण आमच्या सौ.नं पकडलं. हिशेब तीच बघते. एक गाडी होती, सगळं काम झालेलं, दोन खेपा मस्त आणि तिसरीला पंधरा लिटर जास्त, परत दोन मस्त आणि परत पंधरा. मी नोझल तीनदा उतरवले. ही म्हणाली "अहो, नोझल काय शनिवार बघून खराब होतं का?" तारखा बघितल्या तर सगळ्या शनिवारच्या. मालकाला फक्त तारखा दाखवल्या, बाकी काही बोललो नाही. पुढच्या शनिवारपासून नोझल बरं झालं.

एसयूव्ही नंतर आल्या. सुमो, क्वालिस, जुन्या बोलेरो आणि पहिल्या पिढीतली स्कॉर्पिओ. इथं आमचं निम्मं काम बसवण्याचं नाही, काढण्याचं आहे. हौसेनं टाकलेले रुंद टायर, वर कॅरिअर कायमचं, पुढं लोखंडी गार्ड (त्यावर तर २०१७ च्या डिसेंबरात केंद्राचं पत्रकच निघालं). कॅरिअर काढून ठेवा आणि गावाला जाताना लावा एवढं सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. कॉमन रेलच्या (डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशा) गाड्यांना ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं भरलेला असतो, पोरं म्हणतात पत्रा लावून बंद करा, आम्ही साफ करून देतो, बंद करत नाही, पीयूसी आणि फुफ्फुसं दोन्ही आपलीच आहेत. इंजिनच्या कॉम्प्युटरला चिप लावून देणारे बरेच आहेत, आम्ही त्यात पडलो नाही, एकदा चुंबकानं शिकवलं तेवढं पुरे. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मूळ गाडीत बदलाबद्दल निकाल दिला तेव्हा गिऱ्हाईक घाबरून फोन करायला लागले, म्हणून तेव्हाच भिंतीवर लिहून टाकलं की इंजिन, चेसिस, इंधन, लांबी-उंची, म्हणजे आरसीवर जे जे छापलंय त्याला इथं हात लागणार नाही.

लॉकडाऊनमध्ये दोन महिने शटर खाली, मग २०२१ ला दिवाळीच्या तोंडावर मुंबईत डिझेलनं शंभरी ओलांडली आणि आमच्याकडं रांग. हिशेब तोंडी झाला होता सगळ्यांचा, महिन्याला आठ खेपा, ४,८०० किलोमीटर, चारचं साडेचार झालं की १३३ लिटर वाचलं. त्या वर्षात दोन पोरं वाढवली आणि पुण्याच्या चाचांनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांचा टेस्ट बेंच आणला. चाचा स्वतः आले होते लावून द्यायला, दोन दिवस राहिले, आण्णांशी गप्पा मारत बसले आणि जाताना बेंचवर हात फिरवून गेले.

पुढं काय, तर माहीत नाही. बीएस-६ च्या (नव्या प्रदूषण नियमातल्या) गाड्या कंपनीच्या लॅपटॉपशिवाय बोलत नाहीत, त्यात आम्हाला फक्त चाकं, हवा आणि वही एवढंच काम. पंधरा वर्षांवरच्या ट्रकची फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून चढली, काही जुनी गिऱ्हाईकं गाड्या भंगारात देऊन मोकळी झाली. पुतण्या म्हणतो काका वहीचं ऍप करू, ड्रायव्हर स्वतः आकडे टाकतील. मी म्हणलं शनिवारचे कोण टाकणार?

सध्या एक १६१३ दारात उभी आहे, आज नववा दिवस. चाकं मोकळी, नोझल नवे, टायमिंग बरोबर, शनिवार-रविवार सारखेच, तरी गाडी तीन पॉइंट सातच्या वर सरकत नाही. मालक रोज सकाळी चहाला येतो आणि काही न बोलता जातो. उद्या टाकी उतरवून रिटर्न पाईप (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारा) बघणार आहे, कुठंतरी चेसिसच्या आत झिरपत असणार.