बटाट्याऐवजी

कोलोन. जानेवारीतला शनिवार.

आज बाजारात ती पुन्हा दिसली. नवलकोलाची थोरली, मातकट बहीण शोभावी अशी गड्डी. वरून जांभळट, बुडाशी पिवळसर, हातात घेतली की वरवंट्यासारखी जड. इथे तिला श्टेकऱ्यूबे म्हणतात. स्वस्त होती म्हणून एक घेतली.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. आजी हे मी मनातल्या मनात म्हणते. तोंडावर सहा वर्षं झाली तरी त्या मला आडनावाने हाक मारतात आणि मी त्यांना. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही आमच्या घरात कधी आली नाही. माझ्या आजीने बंदीच घातली होती. १९१७ नंतर नाही म्हणजे नाही."

मग तिथेच, हातात किल्ल्या घेऊन, आम्ही वीस मिनिटं उभ्या. जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विझायचा आणि त्या न बघता बटण दाबायच्या.

त्यांची स्वतःची भूक वेगळी, दुसऱ्या युद्धानंतरची. १९४६ सालच्या शेवटच्या रात्री इथल्या कार्डिनल फ्रिंग्झनी प्रवचनात सांगितलं, की जीव जगवायला लागेल तेवढं गरजूने घेतलं तर चालेल. तेव्हापासून मालगाडीतून कोळसा पळवण्याला कोलोनकर 'फ्रिंग्झन' म्हणू लागले. आजी तेव्हा सात वर्षांच्या. तो किस्सा त्या हसत सांगतात. पण त्यांच्या आजीचा १९१६-१७ चा, पहिल्या महायुद्धातला हिवाळा सांगताना हसल्या नाहीत.

रात्री बसून वाचत राहिले. थोडंफार माहीत होतं, पण ते आत्तापर्यंत इंग्लंडच्या नाकेबंदीपाशीच येऊन थांबायचं. नाकेबंदी खरीच होती. युद्धाआधी जर्मनीचं साधारण तिसरा हिस्सा अन्न बाहेरून येत होतं, शिवाय पेंड आणि खतासाठी चिलीचा सोरा. ते सगळं बंद झालं. पण घरातल्या घरात जे झालं ते वाचून मला आमच्याकडच्या कांद्याच्या भावाची आठवण आली. सरकारने बटाट्याला भाव बांधून दिला आणि डुकराच्या मांसाला दिला नाही. शेतकऱ्याने काय करावं? बटाटा डुकराला घातला. मग विद्वानांनी हिशेब मांडला, की डुक्कर माणसाच्या तोंडचा घास खातंय. १९१५ च्या सुरुवातीला काही महिन्यांत लाखो डुकरं कापली. त्या कत्तलीला लोकांनी नाव ठेवलं 'श्वाइनेमोर्ड', डुकरांचा खून. थोडे दिवस मांस रग्गड. नंतर मांस नाही, चरबी नाही आणि शेतात टाकायला शेणखतही नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायची हाबर आणि बॉश यांची युक्ती याच देशाच्या हाती होती, पण कारखान्यातला तो नायट्रोजन आधी दारूगोळ्याकडे जायचा. उरेल ते शेताला.

१९१६ ची शरद ऋतूतली पावसाळी हवा बटाट्याला लागली, रोग पडला. पीक आदल्या वर्षाच्या जेमतेम निम्मं. जे निघालं ते आणायला रेल्वेला डबे नाहीत, कारण डबे आघाडीकडे. बटाट्याऐवजी रेशनच्या कार्डावर ही गड्डी आली, जी एरवी गुरांपुढे टाकायची. तिचा पाव, तिचा मुरंबा, तिची वाळवून भाजून कॉफी. माणशी रोजचा शिधा हजार कॅलरींच्या आसपास आला होता. मी फोनवर मोजून पाहिलं, माझा नाश्ता आणि दुपारची पोळीभाजी यातच तेवढं होतं.

रविवार.

सकाळी भाजी केली. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, शेवटी ओलं खोबरं (फ्रीझरमधलं, पण असो). बरी झाली. बटाट्यासारखी लागत नाही, किंचित गोडसर आणि मागे एक कोबीचा वास राहतो. आवडीने एकदा खायला ठीक. सलग तीन महिने, तिन्ही त्रिकाळ, तेलातुपाचा थेंब न घालता, याचा विचार करवेना.

छोटा डबा भरून वर नेऊन दिला. आजींनी झाकण उघडून वास घेतला, काही बोलल्या नाहीत, डबा खिडकीत ठेवला आणि मला आत बसवलं. कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यांच्या आजीचा.

आत एक काळपट लोखंडी अंगठी होती. घरातलं सोनं सरकारला द्यायचं आणि बदल्यात हिच्यासारखी लोखंडाची घालून मिरवायची. सोनं बोटात दिसलं तर लोक टोकायचे म्हणे. या शहराने तर १९१५ मध्ये एका लाकडी शेतकऱ्याचा पुतळा उभा केला होता. पैसे द्यायचे आणि त्याच्या अंगात खिळा ठोकायचा, पैसे शहीदांच्या बायकामुलांना. खिळ्यांनी मढलेला तो 'लोखंडी शेतकरी' अजून शहराच्या संग्रहालयाकडे आहे.

अंगठीखाली घडी केलेले कागद. युद्धकर्जाचे रोखे. जाड कागद, नक्षीची चौकट, गरुड, व्याज ५ टक्के. सोबत व्याजाच्या चिठ्ठ्यांचा ताव, टपाल तिकिटांच्या पानासारखा. सहामाही आली की एक चिठ्ठी कापायची आणि बँकेत द्यायची. वरच्या काही चिठ्ठ्या कात्रीने अगदी सरळ कापलेल्या होत्या. उरलेल्या जशाच्या तशा. मी त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कापणारीने पट्टी लावून रेघ मारली असावी, पेन्सिलीची खूण अजून होती.

सरकारला कर वाढवायचे नव्हते. युद्ध जिंकू, हरणाऱ्याकडून वसूल करू, हे गृहीतच. म्हणून दर सहा महिन्यांनी नवा रोखा, असे नऊ. शाळेतल्या पोरांनाही रोखे खपवायला लावलं. एकूण जमले सुमारे ९,८०० कोटी मार्क. पुढे मार्क इतका घसरला की नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत. त्या दिवशी ते नऊच्या नऊ रोखे, अख्ख्या देशाचे, मिळून जुन्या दहा फेनिंगांचेही (शंभर फेनिंगांचा एक मार्क) नव्हते. म्हणजे एका आण्याच्या आतबाहेर. मी आजींना विचारलं, "मग हे ठेवलं कशाला?" त्या म्हणाल्या, "कागद चांगला आहे."

मग रांगांचं निघालं. पावाचं कार्ड १९१५ पासून, हळूहळू लोणी, मांस, साबण, कपडा, सगळ्याचं कार्ड. कार्ड हातात म्हणजे माल पदरात असं नव्हे. बायका रात्रीच रांग धरायच्या. बर्लिनमध्ये त्या रांगांना नाचाचं नाव पडलं होतं, 'पोलोनेज'. दिवसा त्याच बायका ट्रामवर तिकिटं फाडायच्या नाहीतर दारूगोळ्याच्या कारखान्यात, कारण डिसेंबर १९१६ च्या कायद्याने १७ ते ६० मधला सगळा उरलासुरला पुरुषही युद्धाच्या कामाला बांधला गेला होता. आजींची आजी रविवारी पाठीला पिशवी लावून आगगाडीने खेड्यात जायची. एकदा चादरी देऊन बटाटे आणले आणि परतीला स्टेशनावर पोलिसाने पिशवी रिकामी करून घेतली. अशा फेरीला 'हॅमस्टर्न' म्हणायचे, गालात दाणे कोंबणाऱ्या त्या उंदरासारखं. मी हा शब्द २०२० मध्ये शिकले, टॉयलेट पेपरची कपाटं रिकामी झाली तेव्हा. तेव्हा मला तो गमतीचा वाटला होता.

शहराच्या अन्नखात्याचा कारभार कोनराड आडेनावर बघत, तेच जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले. मका, सातू आणि तांदळाच्या पिठाचा पाव त्यांनी शोधून पेटंट घेतलं. मका रुमानियातून यायचा, ऑगस्ट १९१६ मध्ये रुमानिया शत्रूकडून उतरला आणि पाव बसला. मग सोयाबीन घातलेलं सॉसेज काढलं. त्याला जर्मनीत पेटंट मिळेना, कारण त्यात पुरेसं मांस नाही. १९१८ मध्ये ते दिलं कोणी? ब्रिटनने! युद्ध चालू असताना! लोक मात्र त्यांना सातूवरून 'ग्राउपनावर' म्हणून चिडवायचे. आजी हे सांगताना पहिल्यांदा हसल्या. कोलोनकरांना आडेनावरांबद्दल बोलताना फार वेळ गंभीर राहता येत नाही.

बाहेर घंटा झाल्या. डोमच्या, म्हणजे इथल्या कॅथेड्रलच्या, दक्षिण मनोऱ्यात आधी एक सम्राटाची घंटा होती, सत्तावीस टनांची. १८७०-७१ च्या लढाईत फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ती ओतली होती. १९१८ मध्ये ती फोडून उतरवली आणि धातू पुन्हा युद्धाला दिला. आताची मोठी घंटा ओतली गेली १९२३ मध्ये, म्हणजे नेमकी वरच्या त्या दहा फेनिंगांच्या वर्षात. ती फक्त मोठ्या सणाला वाजते. आजची ती नव्हती.

निघताना डब्याचं विचारलं नाही. खिडकीत तसाच होता.

मंगळवार.

दाराच्या मुठीला कापडी पिशवी. आत माझा डबा, घासून लख्ख. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. झाकण उघडलं तर आत तीन बटाटे, धुऊन पुसलेले.