सहलीची परवानगी आणि ‘सागरी’ हा शब्द

आमच्या शाळेच्या पाठीमागे सुरूचं बन आहे आणि बनाच्या पलीकडे समुद्र. मुलांचा चेंडू कुंपणाबाहेर गेला की आधी भरती आहे की ओहोटी ते बघायचं, मग आणायला कोण जाणार ते ठरवायचं. अशा शाळेच्या मुख्याध्यापिकेला, म्हणजे मला, डिसेंबरात शिक्षण खात्याच्या ऑफिसातून लेखी त्रुटी आली की तुमच्या सहलीच्या मार्गात समुद्र येतो, खुलासा करा.

तो कागद मी जपून ठेवलाय. राग जरा निवलाय, म्हणून लिहायला बसले. कुणा छोट्या शाळेच्या बाई-गुरुजींना उपयोग झाला तर झाला, नाहीतर माझं मन तरी मोकळं होईल.

मी मूळची माणदेशातली, टँकरचा हॉर्न ऐकून घागरी घेऊन धावणाऱ्या गावची. सात वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या या वाडीत रुजू झाले. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट १४. मला पोहता येत नाही, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि ते अजून विसरलेले नाहीत.

शाळा लहान असली तरी वर्षभर काही ना काही चालू असतं. परसबागेत पडवळ-दोडकी होतात, बालआनंद मेळाव्यात मुलं घावणे आणि कोकम सरबत विकून आईबापांकडूनच पैसे काढतात, शनिवारी दप्तर घरी ठेवून येतात. पण मुलांच्या लेखी वर्षात बातमी एकच, सहल. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी पहिला प्रश्न असतो, ‘‘बाई, औंदा खंय?’’

औंदा रत्नागिरी ठरली. १४ मुलांत एसटी परवडत नाही, म्हणून शेजारच्या दोन शाळा बरोबर घेतल्या आणि ४१ मुलं झाली. ठिकाणं अशी: टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग आणि झाडगावचं मत्स्यालय. येताना वेळ उरला तर खाऊ. थिबाची गोष्ट मी आधीच वर्गात रंगवून सांगितली होती. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमाराला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला, परत घरी गेलाच नाही. तिसरीतल्या एकीने विचारलं, ‘‘तेची बदली झाली नाय?’’ आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दर वर्षी भरणाऱ्या बाईला हा प्रश्न कुठे लागला असेल ते शिक्षक मंडळींना कळेल.

कागदपत्रांचं पहिलं सत्र सोपं गेलं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, विद्यार्थ्यांची यादी, सोबतच्या शिक्षकांची यादी, हमीपत्र, प्रथमोपचार पेटी असल्याचा दाखला. पालकांच्या संमतीपत्रांना मात्र वेळ ठेवा. आमच्याकडे निम्मे बाप बोटीवर आणि उरलेले मुंबईत. दोन मुलांच्या पत्रावर आजीचा अंगठा होता, त्यावर ‘पालक कोण?’ असा शेरा पडला. पहिल्यापासून आईची सही घ्या.

मग एसटी. सहलीला एसटीची अख्खी गाडी भाड्याने घेतात, त्याला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात, आणि शालेय सहलीला एसटी त्या भाड्यात ५० टक्के सवलत देते. आगारात सांगितलं, परवानगीपत्र आणा, गाडी लावतो. ऑफिसात सांगितलं, आगाराचं पत्र जोडा, परवानगी देतो. असं दोन वेळा झाल्यावर मी आगारातल्या बाईंना म्हटलं, ‘‘गाडी उपलब्ध आहे एवढंच लिहून द्या, तारखेपुढे कंसात परवानगीच्या अधीन.’’ त्यांनी दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, ‘परवानगीच्या अधीन राहून’. तेवढ्यावर दोन्ही दारं उघडतात. आणि गाडी नोव्हेंबरातच सांगून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत अख्खा जिल्हा सहलीला निघतो.

हे सगळं जोडून मी प्रस्ताव दिला आणि निश्चिंत झाले.

आठ दिवसांनी तो परत आला. लाल पेनाने दोन ठिकाणी खूण केली होती. पहिली मार्गाच्या रकान्यात, जिथे मी ‘सागरी महामार्गाने’ लिहिलं होतं. दुसरी ठिकाणांच्या यादीत. झाडगावच्या मत्स्यालयाचं खरं नाव आहे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. मी हौसेने पूर्ण नाव लिहिलं होतं. त्यातल्या ‘सागरी’खाली दोन रेघा.

मला आधी वाटलं चेष्टा आहे. गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, ‘‘बाई, यात हसण्यासारखं काही नाही, तिथे असंच असतं.’’

अट मला माहीत होती. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची सहलीला आलेली १४ मुलं बुडाली. त्यानंतर परवानगीच्या अटी कडक झाल्या. आमच्या अटींच्या कागदावर समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच कडे अशी मुलांना न्यायचं नाही त्या जागांची माळच आहे. ती अट मी हमीपत्रात स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दर पावसाळ्यात आमच्याच किनाऱ्यावर कुणीतरी पाहुणा पोलीस पाटलाचं न ऐकता पाण्यात शिरतो, तेव्हा मी दार लावून आत बसते. पण अट पाण्याबद्दल होती. टेबलावर ती शब्दाला लावली गेली.

शनिवारी दुपारी मी ऑफिसात गेले. साहेब रजेवर. सोमवारी शाळा सुटल्यावर गेले, साहेब मीटिंगमध्ये. बुधवारी भेटले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर सहलींच्या फायलींची चळत होती आणि चहा केव्हाचा निवला होता. म्हणाले, ‘‘मॅडम, उद्या काही झालं तर पहिली सही माझी बघतील. तुम्ही रत्नागिरीला कशाला जाता? कोल्हापूरला न्या, सगळे नेतात.’’

मी म्हटलं, ‘‘कोल्हापूरला रंकाळा आहे.’’

‘‘रंकाळा म्हणजे तळं, मॅडम.’’

‘‘अटीत तलाव पण आहे, सर.’’

त्यांनी अट पुन्हा वाचली. मग फाईल मिटून म्हणाले, ‘‘खुलासा द्या, बघू.’’

येताना गाडीत मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. संध्याकाळी समितीच्या अध्यक्षीणबाई मासळीची टोपली घेऊन घरी जाता जाता शाळेत डोकावल्या. नवरा, दीर, मोठा मुलगा सगळे होडीवर जाणारे. त्यांना सगळं सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाईनू, त्येंका सांगा, आमच्या पोरांका सुक्यार सोडलास तर हरवतली.’’

मुलांच्या कानावर गेलंच. चौथीतला आमचा सर्वांत थोरला विद्वान उभा राहिला. ‘‘बाई, आमका पोहूक येता. तुमका येता काय?’’

‘‘नाही रे.’’

‘‘मगे तुमीच बुडशात!’’

वर्ग खदखदून हसला. हमीपत्र मात्र माझ्याच सहीचं होतं, मुलांना पाण्यापासून सांभाळीन असं.

रात्री खुलासा लिहायला बसले. पहिला मसुदा रागाचा होता, तो फाडला. दुसऱ्यात मी रत्नदुर्ग काढून टाकला. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या किल्ल्यासाठी भांडायचं बळ उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ४१ मुलं घेऊन त्या तटावर उभं राहायची मलाच धास्ती होती. ‘सागरी महामार्ग’ काढून ‘राजापूर-लांजा-पाली-हातखंबा मार्गे’ लिहिलं. त्याने किलोमीटर वाढले, भाडं वाढलं, आणि प्रत्येक मुलामागे आणखी काही रुपये मागायला मलाच दारोदार जावं लागलं. मत्स्यालय मात्र सोडलं नाही. त्यासमोर लिहिलं: ‘सदर ठिकाण ही कृषी विद्यापीठाची इमारत असून मासे काचेच्या टाक्यांत आहेत. विद्यार्थी टाक्यांच्या बाहेर राहतील.’

गुरुजींनी वाचलं आणि म्हणाले, ‘‘शेवटचं वाक्य काढा, उपहास वाटतो.’’

मी काढलं नाही. ते वाक्य आज सरकारी फायलीत आवक क्रमांकासह आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

चौथ्या दिवशी परवानगी आली. एक शब्दही न बदलता.

पोच घ्यायला विसरू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या प्रस्तावाची पोच मी घेतली नव्हती, त्यामुळे तो आठ दिवस कुठल्या टेबलावर होता ते मला दाखवता येईना. दुय्यम प्रत न्या, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आणखी एक, ठिकाणांची नावं लोक म्हणतात तशी लिहा. नुसतं ‘मत्स्यालय’ लिहिलं असतं तर बहुधा कुणाच्या डोळ्यांत आलं नसतं. पूर्ण नाव लिहिण्याची हौस निबंधासाठी ठेवा. सोमवार टाळा, संग्रहालयं बंद सापडतात. आम्ही मंगळवारी गेलो.

सहल काय, पहाटे पाचला निघाली आणि रात्री साडेनऊला परत आली. राजापूरपर्यंत सात जणांना उलट्या झाल्या. पिशव्या मोजून नेल्या होत्या त्या कमी पडल्या, लिंबं आणि आवळासुपारी पुरली. टिळकांच्या घरात मुलं शांत होती, कारण बाहेर बाकरवडी दिसली होती.

मत्स्यालयात मात्र आमच्या शाळेची मुलं पुढे झाली. देवमाशाचा सांगाडा बघून बाकीच्या दोन शाळांची मुलं गप्प होती. आमची त्याच्या बरगड्या मोजत होती. मग टाक्यांपाशी गेली आणि पाटीवरचं नाव न वाचताच मासे ओळखू लागली. पाटीवर शास्त्रीय नाव, मुलांच्या तोंडी घरचं नाव. तिथला माणूस ऐकत राहिला आणि शेवटी त्याने त्यांनाच विचारलं, ‘‘हा कुठे मिळतो रे तुमच्याकडे?’’ दुसरीतली एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, ‘‘बाई, ह्यो आमी खातंव. हय कित्याक ठेवलोहा?’’

एकही मूल टाकीत पडलं नाही.

परत आल्यावर सहलीचा अहवाल फोटोंसह द्यावा लागतो, हे परवानगीपत्राच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात असतं. मी पाच फोटो निवडले. सगळ्यांत चांगला थिबा पॅलेसच्या परिसरातला होता, ४१ मुलं रांगेत, सगळ्यांचे डोळे उघडे, असा फोटो पुन्हा मिळणार नाही. छापायच्या आधी गुरुजींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि बोट ठेवलं. मुलांच्या डोक्यांवरून मागे निळी पट्टी दिसत होती.

वरचा भाग मी कापला. दोन माडांचे शेंडेही गेले त्यात.