मॉरिशसच्या पुढे रॉड्रिग्जला कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॉरिशस ठीक आहे हो, सगळेच जातात, पण तिथून परत एक विमान पकडून त्या रॉड्रिग्जला कशाला? आणि गेलात तर गेलात, बीचवरचं हॉटेल सोडून बंदराच्या गावात का राहिलात?" नातेवाईकांपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय, आणि उभ्याउभ्या दिलेलं उत्तर कधी पुरं पडत नाही, म्हणून आज बसून नीट लिहिते.

आधी जागा कुठे ते सांगते. रॉड्रिग्ज हे मॉरिशस देशाचंच बेट, पण मुख्य बेटापासून पूर्वेला जवळजवळ ६०० किलोमीटर, चहूबाजूंनी नुसता हिंदी महासागर. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीसेक हजार, बहुतेक क्रिओल (फ्रेंचपासून तयार झालेली भाषा) बोलणारे कॅथलिक लोक, आणि २००२ पासून त्यांची स्वतःची प्रादेशिक विधानसभा. पोर्ट मॅथुरिन हे मुख्य गाव आणि बंदर, उत्तर किनाऱ्यावर सरळ आखलेल्या थोड्या गल्ल्या, पत्र्याची छपरं, धक्का, बस स्टँड, चर्च, मशीद, बाजार, एवढंच. तासाभरात पायी फिरून होतं. मॉरिशसहून छोट्या विमानाने दीड तास लागतो, मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईहून जहाजानेही जाता येतं पण त्यात दिवसाहून जास्त मोडतो.

आता मुद्द्याचं. या बेटाबद्दल बोलताना लोक 'माणसाचा हात न लागलेलं' वगैरे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. फ्रान्सवा लेगा नावाचा फ्रेंच माणूस १६९१ मध्ये इथे उतरून दोन वर्षं राहिला, त्याने लिहून ठेवलंय की कासवं इतकी दाटीने असायची की त्यांच्या पाठींवरून शंभर पावलं चालत जाता येईल. पुढच्या शंभरेक वर्षांत ती सगळी संपली, जहाजं भरभरून मॉरिशसला खायला नेली. सॉलिटेअर म्हणून डोडोच्या नात्यातला, उडता न येणारा मोठा पक्षी होता, तो जगात फक्त इथेच होता आणि तोही गेला. जंगल तोडलं, उरलेलं शेळ्या-गुरांनी खाल्लं. म्हणजे हात लागलाय, चांगला जोरात लागलाय, आणि मी तिथे गेले ते एवढं सगळं गमावलेली माणसं उरलेलं कसं सांभाळतात ते बघायला, आणि ते बीचवरच्या हॉटेलात बसून दिसत नाही, बंदराच्या गावात दिसतं.

शनिवारचा बाजार घ्या. उजाडायच्या आधी भरतो आणि दहापर्यंत ओसरायला लागतो, म्हणून पहाटे उठायलाच हवं आणि गावातच राहायला हवं. डोंगरातून बसने आलेल्या बायका लिंबं, कांदे, लाल राजमा, मध, विणलेल्या टोप्या-टोपल्या घेऊन बसलेल्या, आणि बाटल्याच बाटल्या, बारक्या मिरच्यांच्या, लिंबाच्या लोणच्याच्या, मिरच्या एवढ्याशा पण तिखट अशा की माझी मालवणची आत्या, जी सोबत आली होती आणि जिला बाहेरचं सगळंच अळणी लागतं, ती एक घास खाऊन गप्प झाली आणि मग दोन बाटल्या घेतल्या. विकणाऱ्या बाईला आत्याची भाषा येत नव्हती, आत्याला तिची, पण लिंबं किती दिवस उन्हात ठेवायची यावर दोघींचं हातवारे करत बराच वेळ चाललं होतं, मी मध्ये पडलेच नाही. पिशवी मात्र घरून न्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर या बेटाने २०१४ मध्येच बंदी घातलीय.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ऑक्टोपसबद्दल. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आत उथळ पाण्याचं खाजण, क्षेत्रफळाने बेटाच्या दुपटीहून मोठं. ओहोटी लागली की बायका बूट घालून, टोपी बांधून, हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन त्यात चालत सुटतात, खूप आतपर्यंत, आणि खडकाच्या बिळातला ऑक्टोपस ओळखून टोचून काढतात. आपल्याकडे ओहोटीला खडकावरची कालवं काढायला बायका जातात ना, तशीच पाण्याकडे बघायची नजर, वाकलेली पाठ तीच, आत्याने लांबून बघूनच सांगितलं की ही कष्टाची कामं आहेत, ह्यात वय जातं. काढलेले ऑक्टोपस किनाऱ्यावर काठ्यांवर पसरून वाळवतात, वाऱ्यावर हलत असतात.

तर झालं असं की मिळकत वर्षानुवर्षं घटत गेली, पिल्लंच पकडली जायला लागली. मग २०१२ मध्ये बेटाने ठरवलं, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऑक्टोपस धरायचा नाही, कोणीच नाही. दोन महिने हातावर पोट असलेल्या घरात काय होतं याचा विचार करा. म्हणून त्या काळात त्यांना दुसरं काम दिलं, किनारे साफ करायचं वगैरे, आणि त्याचे पैसे दिले. बंदी उठल्यावर मोठे, वजनदार ऑक्टोपस मिळाले, आणि तेव्हापासून बंदी चालू राहिली. आपल्याकडेही पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही, पण तिथे एका टॅक्सीवाल्याने मला बंदीच्या तारखा न विचारता सांगितल्या, आणि त्या सांगताना त्याच्या आवाजात जो अभिमान होता तो मी विसरणार नाही.

असंच वटवाघळांचं. रॉड्रिग्जचं फळं खाणारं सोनेरी वटवाघूळ १९७० च्या दशकात शंभराच्या आसपास उरलं होतं, आता ती हजारोंनी आहेत, संध्याकाळी दरीवरून सावकाश जाताना दिसतात. आणि कॅफे मारॉन! हे झुडूप नामशेष झालं असं धरून चालले होते, मग १९८० च्या सुमारास एका मास्तरांनी वर्गात जुन्या झाडांची चित्रं दाखवली आणि एका मुलाने सांगितलं की हे तर आमच्याकडे आहे, तो फांदी घेऊन आला आणि ती खरंच तीच निघाली, अख्ख्या जगात उरलेलं एकच झाड. त्याला कुंपण घातलं, फांद्या लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाला पाठवल्या, तिथे खूप वर्षांनी बी धरलं आणि त्यातली रोपं परत बेटावर आली. मला हे सांगताना अजून भरून येतं. कासवंसुद्धा आणलीत, मूळची तर गेली, पण सेशेल्समधलं अल्डाब्रा बेट आणि मादागास्कर इथल्या जातीची कासवं लेगाच्या नावाच्या राखीव जागेत वाढवतायत, पिल्लं हातभर अंतरावरून बघता येतात.

लांब आहे, एकटं आहे असं म्हणतात, पण इतिहासाने या बंदराला एकटं कुठे सोडलंय. १८०९ मध्ये इंग्रजांनी मॉरिशस घ्यायच्या तयारीसाठी आधी हे बेट ताब्यात घेतलं, त्या फौजेत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई होते, आणि त्या काळच्या मुंबई फौजेत कोकणातली माणसं बरीच असायची. धक्क्यावर उभं राहून आत्याला हे सांगितलं तर तिने पहिलं विचारलं, मग परत गेले का ते सगळे? आणि १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तो आवाज जवळजवळ ४८०० किलोमीटरवर इथे ऐकू आला, इथल्या पोलिसप्रमुखाने लांबून तोफा धडाडल्यासारखं वाटल्याची नोंद केली.

जायचं ठरलं तर थोडं सांगून ठेवते. शनिवार धरूनच तिकीट काढा. पाण्याची टंचाई खरी आहे, शॉवर पटकन आटपा, ज्यांच्याकडे राहता त्यांच्या घरच्या टाकीतलं पाणी असतं ते. दुपारनंतर दुकानं लवकर मिटतात, बसही संध्याकाळी लवकर संपतात, त्यामुळे डोंगरात गेलात तर वेळेवर निघा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस, विमानं रद्द होतात, परतीच्या मोठ्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. शाकाहारी असाल तर राजमा, भात, मका आणि त्या मिरच्यांवर छान निभतं, माझं चार वेळा तेच झालं आणि कंटाळा आला नाही. आणि बंदीच्या महिन्यांत गेलात तर ताज्या ऑक्टोपससाठी कुणाला गळ घालू नका, पैसे जास्त देतो म्हणूनसुद्धा नाही, मासे मागा, मिळतात.