किल्टची कंबर बेंबीवर: लग्नासाठी पहिला किल्ट घेतानाचा माझा अनुभव

सगळ्यात आधी हे वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. किल्टची, म्हणजे स्कॉटिश पुरुष नेसतात त्या निऱ्यांच्या वस्त्राची, कंबर म्हणजे पँटची कंबर नव्हे. किल्ट बेंबीच्या रेषेत बसतो, म्हणून माप तिथलंच घ्यायचं. माप घेणारा माणूस टेप तुमच्या बेल्टवरून फिरवायला लागला, तर तिथेच त्याचा हात थांबवा. मी थांबवला नाही. त्याचे आठ आठवडे गेले आणि लग्न नऊ दिवसांवर येईपर्यंत माझ्या हातात नेसता येईल असा किल्ट नव्हता.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात नोकरीला. बायको इथलीच. लग्न 31 ऑगस्ट 2024 ला पर्थशरमध्ये ठरलं. इथे नवरदेवापासून पाहुण्यांपर्यंत बरेच जण किल्ट भाड्याने आणतात, शंभर पौंडांच्या आसपास काम भागतं. पण सासऱ्यांनी त्यांच्या लग्नात नेसलेला किल्ट चाळीस वर्षं झाली तरी अजून ते नेसतात, आणि तो पाहिल्यावर मला भाड्याचा नको वाटला. आपल्याकडे लग्नाचा शालू कोणी भाड्याने आणत नाही.

टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाची रंगीत चौकटींची नक्षी, निवडायला एक संध्याकाळ पुरली. माझ्या मनात ब्लॅक वॉच होतं, पण आईने व्हिडिओ कॉलवर नमुना पाहिला आणि म्हणाली, "लग्नात काळं? अजिबात नाही." मग आयल ऑफ स्काय घेतलं. त्यात जांभळट आणि शेवाळी हिरवा रंग आहे, आणि ते कुठल्या एका घराण्याचं नाही, त्यामुळे कोणीही नेसावं. अमुक आडनाव असल्याशिवाय अमुक टार्टन वापरता येत नाही असा कायदा नाही. राजघराण्याचं बालमोरल सोडून द्या, ते रिवाजानेच कोणी घेत नाही. नोंदलेली टार्टनं बघायची असतील तर स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स 2009 पासून सरकारतर्फे चालतं आणि घरबसल्या चाळता येतं.

कापड लोकरीचंच घ्या. एडिंबरातल्या रॉयल माइल रस्त्यावर पर्यटकांसाठी टांगलेले ॲक्रिलिकचे स्वस्त किल्ट लग्नात उघडे पडतात, निऱ्या अंगाशी पडतच नाहीत. मी 16 औंसाचं जड कापड घेतलं. 13 औंसाचंही चालतं आणि उन्हाळ्यात हलकं वाटतं, पण जड कापडाचा पडच वेगळा. पूर्ण किल्टला आठ वार लागतात. हे ऐकून आई खूश झाली. तिच्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका दुकानात ऑर्डर दिली. नाव लिहीत नाही. दहा आठवडे लागतील म्हणाले. माप घ्यायला एक तरुण मुलगा आला. त्याने माझ्या जीन्सच्या बेल्टवर टेप लावून 34 इंच लिहिलं. मग मला गुडघ्यांवर बसवलं आणि बेंबीपासून जमिनीपर्यंत लांबी मोजली. ती पद्धत बरोबर आहे, गुडघे टेकून ताठ बसल्यावर किल्टचा काठ जमिनीला जेमतेम शिवावा. 24 इंच आले. म्हणजे घेर एका जागेचा आणि लांबी दुसऱ्या जागेची. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जूनच्या शेवटी किल्ट आला. घरी नेऊन नेसला. बेंबीवर धरला तर बक्कल पट्ट्यापर्यंत पोचेना, मध्ये चांगलं तीन इंचांचं अंतर. खाली पँटच्या जागी घेतला तर बक्कल लागलं, पण काठ गुडघ्याच्या वाटीखाली अडीच इंच उतरला. आरशात बघून माझ्या पोटात खड्डा पडला. सहाशे वीस पौंड दिले होते आणि लग्नाला नऊ आठवडे राहिले होते.

दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पुढून मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "असाच असतो, सवय होईल." मी बेंबीचं विचारलं, तर उत्तर आलं की हल्ली बरेच जण खालीच नेसतात. खाली नेसायचा होता तर लांबी वरून का मोजली, याचं उत्तर आलं नाही. मग खालून दुमडून आखूड करू का, असं त्यांनीच विचारलं. हे शिलाईच्या दुकानात बसलेल्या माणसाने विचारावं!

त्या रात्री आईला कॉल लावला. आईने तीस वर्षं घरी ब्लाउज शिवले आहेत. मी किल्ट उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरला. ती आधी काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "खालची कड दाखव. जवळ आण." खाली शिवण नव्हतीच. कापडाचा विणलेला काठच तिथे येतो, साडीला येतो तसा. आई म्हणाली, "याला कोण मूर्ख दुमडायला निघालंय? काठ दुमडला तर पड गेला. हा वरून उसवायला लागेल." मग मला शर्ट वर करायला लावून बेंबीवर टेप धरायला सांगितलं. 37 इंच. "नऊवारी कुठे बांधतात रे? पोटावर. हे पण तसंच आहे, कंबर चुकली आहे तुझी."

साताऱ्यात बसून फोनच्या पडद्यावर तिला जे पाच मिनिटांत दिसलं, ते त्या दुकानात तीन माणसांना दिसलं नाही. हे मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. आता त्यांचं म्हणणं, मापाने शिवलेला माल परत घेत नाही. आणि दुरुस्ती हवी असेल तर एकशे वीस पौंड. हे नीट समजून घ्या, कारण तुम्हालाही हेच सांगतील. मापाने शिवून घेतलेली वस्तू मन बदललं म्हणून परत करता येत नाही, हे खरं आहे. पण वस्तू चुकीची बनली असेल तर ब्रिटनचा 2015 चा ग्राहक हक्क कायदा तिलाही लागू आहे आणि दुरुस्ती विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने करायची असते. मी माझा मापाचा कागद मागितला. तो मिळायला चार दिवस लागले. कागदावर "34" आणि "24" एवढंच. कुठून मोजलं याचा एक शब्द नाही, माप घेणाऱ्याची सही नाही. मी कायद्याचं नाव घालून ईमेल लिहिली, सोबत दोन फोटो जोडले, एक बेंबीवर टेप धरलेला आणि दुसरा बेल्टवर. तिसऱ्या दिवशी पैसे मागणं बंद झालं.

पण वेळ गेलाच. किल्ट दुकानात शिवत नाहीत, दुसऱ्या गावात एक किल्टमेकर बाई घरी बसून हाताने शिवतात. जुलैमध्ये त्यांची सुट्टी. इथे जुलैत ट्रेड्सची, म्हणजे कारागिरांची, सुट्टी म्हणून जुनी प्रथा आहे आणि बरेच कारागीर ती अजून पाळतात. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दुकानाची. त्यांनी ही सुट्टी मला दोन आठवडे सांगितलीच नाही, दर फोनला "या आठवड्यात कळवतो" एवढंच.

शेवटी मी म्हटलं, मला किल्टमेकर बाईंशी थेट बोलायचं आहे. नाही, होय करत नंबर दिला. दहा मिनिटांच्या त्या फोनवर माझं अर्धं काम झालं. त्यांनी मला पोटाभोवती दोरा बांधायला लावला, दोरा आपोआप जिथे स्थिरावेल तिथलं माप घ्यायचं. कमरेचं, मग नितंबांच्या सर्वांत रुंद जागेचं, मग दोऱ्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचं. बक्कल सरकवून इंचभर मिळतो, त्यांनी सांगितलं, तीन इंच मिळत नाहीत. त्यासाठी पट्टी काढायची, आतलं अस्तर आणि कॅनव्हास सोडवायचं, आणि कमरेपासून नितंबांपर्यंत प्रत्येक निरी जी निमुळती शिवलेली असते ती उसवून नव्या मापाने पुन्हा हाताने शिवायची. माझ्या किल्टला 27 निऱ्या आहेत. प्रत्येक निरीवर टार्टनची चौकट मागून जुळलेली राहायला हवी, नाहीतर पाठीमागे नक्षी तुटते. त्या हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होत्या की मला पहिल्यांदा धीर आला.

म्हणून सांगतो, ऑर्डर देतानाच शिवणारं माणूस कोण ते विचारा आणि शक्य असेल तर माप त्यांच्याकडूनच घ्या. आणि मापाच्या कागदाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

22 ऑगस्टला, गुरुवारी, किल्ट परत आला. तिन्ही बक्कलं लागली. काठ गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर. आई-बाबा त्याच आठवड्यात आले होते. आईने मागून एकेक निरी बोटाने चाचपून पाहिली, सगळी चौकट जुळते का ते पाहिलं आणि मान हलवली. मी खुर्चीवर बसून रडलो, हे लिहायला मला संकोच नाही.

बाकी सामानाचा त्रास झाला नाही, म्हणून थोडक्यात. लग्न दुपारचं होतं म्हणून अर्गाइल जॅकेट आणि वेस्टकोट घेतला. संध्याकाळच्या औपचारिक समारंभाला प्रिन्स चार्ली जॅकेट आणि बो टाय. वेस्टकोट असेल तर बेल्ट लावत नाहीत. नेहमीच्या सुटाचं जॅकेट किल्टवर घालू नका, ते लांब पडतं. स्पोरन, म्हणजे पुढची चामड्याची पिशवी, वेस्टकोटच्या खाली चार बोटं राहील अशी अडकवा. किल्टची उघडी किनार तुमच्या उजव्या बाजूला येते. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांतून टोचली तर चालताना कापड फाटतं. मोजे गुडघ्याखाली दोन-तीन बोटांवर दुमडायचे. घिली ब्रोग्ज नावाच्या बुटांना जीभ नसते आणि नाडी घोट्याभोवती फिरवून बांधतात. ते आठवडाभर आधी घरात घालून फिरा, नाहीतर केलीच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक समारंभाच्या, नाचात टाचा सोलवटतात. मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कीन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडमध्ये चालते, पण विमानाच्या हातसामानात अजिबात ठेवू नका. बसताना मागच्या निऱ्या हाताने सपाट करून मगच टेका. आईला हे शिकवावं लागलं नाही, तीच मला हॉलभर आठवण करत होती.

हो, एक राहिलंच. नवीन किल्ट येतो तेव्हा निऱ्यांना कच्चे टाके घातलेले असतात. ते नेसण्याआधी काढायचे. लग्नानंतर साताऱ्याला परत जायच्या आदल्या रात्री आईने किल्ट गादीवर पालथा घातला, एकेक निरी बसवली आणि पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा कच्चे टाके घालून दिले. तसाच कपाटात टांगला आहे, शेजारी कडुलिंबाचा पाला भरलेली कापडी पुरचुंडी अडकवून.