‘पुट अप’ आणि लागलेली एसटी

लीड्सला येऊन मला तीन वर्षं झाली. ऑफिसातलं इंग्रजी कधी अडलं नाही. अडलं ते दारात, जिन्यात, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना कानावर पडणारं.

जानेवारीत घरातला बॉयलर बंद पडला. गरम पाणी नाही, रेडिएटर थंडगार. घरमालकांनी दुरुस्तीचा माणूस गुरुवारी येईल म्हणून सांगितलं आणि त्याच फोनवर एप्रिलपासून भाडं ‘पुट अप’ करणार, हेही. शेजारच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हाउ डू यू पुट अप विथ इट?” आणि लगेच, “आय कॅन पुट यू अप टिल थर्सडे.”

पहिलं वाढवणं, दुसरं सोसणं. तिसऱ्याचा अर्थ काही केल्या लागेना. मी घाईत “नो, थँक यू” म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. रात्री शब्दकोशात पाहिलं, तर त्या मला त्यांच्या घरी राहायला बोलावत होत्या! मला फार वाईट वाटलं. सकाळी जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं आणि तीन रात्री त्यांच्याकडेच राहिले.

आम्ही शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलो ते पुस्तकातून. त्यात ‘इन्क्रीज’, ‘टॉलरेट’, ‘अकॉमोडेट’ हे मुळात लॅटिनमधले शब्द होते. इथे शेजारपाजारी या तिन्ही कामांना ‘पुट अप’ चालतं. शिवाय फळी ठोकणं, छत्री उघडणं, हात वर करणं, घर विकायला काढणं, झुंज देणं हेही त्यातच. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की परक्यांना इंग्रजीत सगळ्यात अवघड जाते ती क्रियापदाला अशी शेपटी जोडण्याची रीत. ते वाचून मला खरोखर धीर आला. मग एक खूण सापडली : ‘पुट’ आणि ‘अप’च्या मध्ये माणूस आला की बहुतेकदा आसरा, शेवटी ‘विथ’ आलं की सोसणं.

रविवारी ठाण्यात नौपाड्याला आईला फोनवर हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, “अर्थ ‘लागेना’ म्हणतेस, ते एखाद्या इंग्रजाला समजावून सांग बघू.” आणि सुरूच झाली. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दूध पातेल्याला लागतं, मावशी नात्यानं लागते. “वंदना स्टँडला जुन्नरची एसटी लागली की तू धावत जाऊन खिडकी धरायचीस. आणि माळशेजच्या वळणांवर तीच एसटी तुला लागायची.”

मी ऐकतच राहिले. स्टँडवर एसटी लागली, मला एसटी लागली. फरक सगळा त्या ‘मला’चा, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. एसटीत पिशवी पुढे धरता धरता आलं. बाईंनाही त्यांचं ‘पुट अप’ असंच घरात आलं असणार. तेव्हापासून मी वहीत नुसता शब्द लिहीत नाही. कोण, कुठे, कशासाठी बोललं ते अख्खं वाक्य लिहिते.

फोन ठेवताना आई म्हणाली, “त्या बाईंना सांग, ठाण्याला आलात तर आमच्याकडेच उतरायचं.”

ते त्यांना इंग्रजीत सांगायचंय. ‘यू’ मध्येच ठेवीन.